बंद घराची सरासरी

४ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी हिला एक कागद दिला. दिला हिला, पण हिने तो न बघताच माझ्याकडे सरकवला. घरातले सगळेच कागद ती असेच सरकवते. कागदावर रकाने आहेत: वेळ, किती प्यायलं, किती लघवी झाली, कपडे ओले झाले का, शेरा. दोन दिवस भरायचं आणि दाखवायला जायचं. पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघर फिरून मीटर वाचले मी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यात कुणी मला एक रकाना भरायला दिला नव्हता. हात शिवशिवायला लागले.

प्रकरण असं, की काही महिन्यांपासून हिला सारखं जावं लागतं आणि कधी कधी पोहोचायच्या आतच होतं. हे तिने मला सांगितलेलं नाही. लेकीला सांगितलं. लेकीने मला फोनवर सांगितलं आणि वर, "बाबा, मी सांगितलंय असं आईला कळू देऊ नका," असंही बजावलं. आता सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि कुणी काही बोलत नाही.

लेकीला सहावा महिना चालू आहे. मेच्या मध्यावरची तारीख दिलीय. तिचं गाव बसने सात तासांवर. ही तिथे पोहोचणार कशी, हा घरातला एकच प्रश्न. ही म्हणते, "मी तिच्या उशाशी असणार म्हणजे असणार. रांगत जाईन."

मी म्हटलं, "रांगत जायचं तर आजच निघायला हवं."

हसली नाही. एरवी हसते.

आधी या वहीत कच्चं लिहीन, मग कागदावर पक्कं. ऑफिसची सवय.

५ फेब्रुवारी

सकाळी मापाचा मग हातात दिला. "हा पिठाचा आहे," म्हणाली आणि जागेवर ठेवून आली. मग प्लास्टिकचा नवा आणला, त्यावर मीच रेघा मारल्या.

पहिलं रीडिंग ९० मिली. दार किलकिलं करून मग माझ्यापुढे धरला आणि तोंड फिरवलं. रात्रभराचे नव्वद! "नीट बघ, आणखी असेल," म्हटलं. "नाही," म्हणाली आणि कडी लावली.

त्यानंतर दिवसभर एक आकडा मिळाला नाही.

"किती?"

"झालं."

"अगं, 'झालं' हे काय माप आहे?"

"मग लिहू नका."

वेळा मात्र माझ्याकडे आहेत, कारण कडी वाजते. सात वेळा वाजली.

शेरा: चहा अर्धा कप. पाणी गोळी गिळण्यापुरतं. संध्याकाळी भाजीला गेलो तर हिची डावी चप्पल वीस पावलं मागे राहिलेली आणि ही एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी चाललेली. "एक एक पाय वाचवतेयस का?" म्हटलं, तेव्हा कुठे खाली बघितलं. आजकाल हिचं लक्षच नसतं.

६ फेब्रुवारी

आजही तेच. कडी वाजते, आकडा येत नाही.

आमच्या खात्यात एक रीत होती. घराला कुलूप असलं की 'बंद' अशी खूण करायची आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी टाकायची. जोडणी नवीन असली, मागचं काही नसलं, तर शेजारच्या घराचं बघून टाकायचं. रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा दिसला की साहेब अख्खा तक्ता तोंडावर फेकायचे. एकतीस वर्षांत या सरासरीने मला एकदाच दगा दिला. गल्लीच्या टोकाचं एक घर आठ महिने बंद होतं, मी आठ महिने नेमाने सरासरी टाकत होतो आणि आत पाइप फुटून जोत्याखाली पाणी मुरत होतं. भिंत बसली तेव्हा कळलं. पण ते एक घर. बाकी हजारो ठीक निघाली.

हिचं मागचं रेकॉर्ड नाही. मग शेजारचं घर कोणतं? मीच! वयात चार वर्षांचं अंतर, एका घरातलं खाणंपिणं. म्हणून आज दिवसभर मी माझं मोजलं. २८०, ३१०, २६०, असं. हिच्या वेळांपुढे ते आकडे बसवले. कालचे नव्वद तेवढे वेड्यासारखे एकटे दिसत होते. पहिलं रीडिंग बरेचदा फसवं असतं. डावीकडे दोनाचा आकडा जोडून २९० केले. मग आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळेना, म्हणून पाण्याचे पाच-सहा पेले वाढवले. बाई पाणी पीत नाही हे डॉक्टरांना कळलं तर तेच ओरडतील, हाही एक विचार होताच.

शेरा: गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन मासिक वाचत होती. पोटरीवर रुपयाएवढा फोड. "चटका बसला नाही का गं?" "बसला असेल." मलम मीच लावलं.

७ फेब्रुवारी

पक्की प्रत झाली. अक्षर अजून चांगलं आहे माझं. शेऱ्याच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. तो रकाना ऑफिसात कुणी वाचत नसे. आणि चप्पल नि फोड यांचं लघवीच्या कागदावर काय काम?

११ फेब्रुवारी

डॉक्टर लेकीच्या वयाचे. कागद बघून म्हणाले, "काका, इतका व्यवस्थित तक्ता मी अजून पाहिला नाही." मूठभर मांस चढलं.

म्हणाले, लघवीची पिशवी नीट भरते, नीट रिकामी होते, फक्त उगाच घाई करते. तिला शांत करायची गोळी देतो. "एरवी मी सोनोग्राफी करून घेतो, पण हे इतकं स्पष्ट आहे, की आधी सहा आठवडे गोळी बघू." मग हिला विचारलं, "लागल्याचं कळतं ना तुम्हाला?"

ही माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, "कळतं की. म्हणून तर धावते."

येताना रिक्षात मी म्हटलं, आता काळजी मिटली, मेमध्ये खुशाल जाशील. ती म्हणाली, "तुम्ही बरं लिहिलंत." कौतुक होतं की काय होतं कळलं नाही.

२ मार्च

गोळीने फरक आहे. कडी आता दिवसातून तीनदाच वाजते. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आईला द्या. ही म्हणाली, "हो, बरं आहे. तू जप."

हिने हल्ली चादरी धुवायचा सपाटा लावलाय. रोज एक. म्हटलं, चादरींना काय सजा आहे ही? शेजारणींकडे दुपारी पत्ते खेळायला जायची तेही बंद केलंय. म्हणते, त्या फार बोलतात. वीस वर्षं त्या फारच बोलतायत.

१६ मार्च

हिच्या कपड्यांचे हूक लागेनात. पोट फुगलंय. मी म्हटलं, "लेकीच्या आधी तुझाच नंबर लागतोय वाटतं." फार लागलं तिला. दुपारी जेवली नाही. नको तिथे जीभ चालते माझी.

पायरी चढताना दोनदा अडखळली. नवीन चष्मा करायला हवा.

२३ मार्च

सहा आठवडे होत आले म्हणून दाखवायला गेलो. वाटेत रिक्षातच हिचे कपडे भिजले. तिला उतरेपर्यंत कळलं नाही. मला आधी कळलं. शाल कमरेला गुंडाळली आणि तसेच आत गेलो. ती रडत नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. गोळी आजपासून बंद. एक टेस्ट करायची आहे, पिशवी कशी भरते, कशी रिकामी होते ते त्यात दिसतं. नाव जिभेला पीळ घालणारं आहे. तारीख ३१ची मिळाली. तोवर नळी घालून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. ही नको म्हणाली.

लेकीच्या तारखेला अजून पावणेदोन महिने आहेत. होईल सगळं.

२५ मार्च

टेस्टचं माहितीपत्रक आज मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. पोट साफ असावं. येताना पिशवी जरा भरलेली असावी. गोळ्यांची यादी आणावी. भूल देत नाहीत. दोन बारीक नळ्या घालतात, एक लघवीच्या जागी, एक मागच्या बाजूला, पोटाचा दाब मोजायला. पाऊण तास लागतो. नंतर एखादा दिवस जळजळेल, पाणी भरपूर प्यावं, ताप आला तर कळवावं. "लाज वाटणं स्वाभाविक आहे," असंही छापलंय.

"बायका असतात ना?" हिने विचारलं.

"बायकाच आहेत. नवऱ्याला हवं तर पडद्याबाहेर थांबता येतं, असं लिहिलंय."

एक घडी उलगडून तिने पुन्हा घातली. "थांबा मग," म्हणाली.

३१ मार्च

सगळं लिहून काढतो. नाहीतर मी हेही उद्या सोयीने लिहीन.

टेस्ट घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. काहीही करायच्या आधी सांगायच्या आणि मग करायच्या. आधी म्हणाल्या, या खुर्चीवर नेहमीसारखं करायचं, खाली नरसाळं आहे, त्याखाली मोजणारं यंत्र आहे, आम्ही बाहेर जातो, घाई नाही. बाहेरच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती. तिच्यावर एक बुटकी रेघ उठली, तुटली, परत उठली, संपली. साठ मिली.

मग पडदा ओढला आणि मी त्याच्या अलीकडे स्टुलावर बसलो. बाई म्हणाल्या, "आता पेनाच्या रिफिलीएवढी नळी. मोठा श्वास घ्या. आत काही उरलंय का ते बघू." भांड्यात पाणी पडायला लागलं. पडतच राहिलं. पाण्याच्या आवाजात माझा जन्म गेला, मला आवाजावरून अंदाज येतो. मी मनात चारशे म्हटलं, पाचशे म्हटलं, मग म्हणायचं थांबवलं.

"सातशे चाळीस," बाई म्हणाल्या. आवाज तसाच ठेवला त्यांनी. "हलकं वाटतंय का?"

"माहीत नाही," ही म्हणाली.

मग दुसरी नळी. मग बाईंनी समजावलं. आता मी पिशवीत पाणी हळूहळू भरणार. जावंसं वाटायला लागलं की सांगा. जोरात लागली की परत सांगा. आता थांबवत नाही असं झालं की मी लगेच बंद करीन.

जरा वेळ गेला. "काही वाटतंय?"

"हो," ही म्हणाली. "वाटतंय."

"ताई, पंप मी अजून सुरूच केलेला नाही."

मग बाई तिच्या जवळ गेल्या असाव्यात, कारण आवाज आणखी खाली आला. "मी विचारलं म्हणून काहीतरी सांगू नका. वाटलं तरच सांगा. नाही वाटलं तर 'नाही' म्हणा. 'नाही' लिहायलाही जागा आहे माझ्या कागदावर."

हे मला कुणी एकतीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

शंभर. "नाही." दोनशे. "नाही." तीनशे. चारशे. दर वेळी हिचा आवाज बारीक होत गेला. पाचशेला बाईंनी पंप थांबवला. "खोका जरा." खोकली. भिजलं, तेही बाईंनीच तिला सांगितलं. "आता करा बघू." पडद्याच्या फटीतून मला स्क्रीन दिसत होता. पिशवीची रेघ सपाट. ही जोर करत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि रेघ हलत नव्हती.

मग डॉक्टर आले. त्यांच्या एका हातात टेस्टचा कागद, दुसऱ्या हातात माझा तक्ता. हिला टेबलावरून उतरवून खुर्चीत बसवलं होतं. ते मला म्हणाले, "काका, हे दोन्ही एकाच बाईचे असू शकत नाहीत. हे अडीचशे-तीनशे आले कुठून?"

मी म्हटलं, "सरासरी."

"कशाची?"

"ती सांगत नव्हती. म्हणून... शेजारचं घर... म्हणजे मी माझं मोजलं."

त्यांनी तक्ता माझ्यापुढे धरला. "म्हणजे हा तक्ता तुमचा आहे?"

हिच्यासमोर "हो" म्हणावं लागलं. ती जमिनीकडे बघत होती. डॉक्टर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सोनोग्राफी मी करायला हवी होती. चूक माझीही आहे." तुडुंब भरलेली पिशवी नुसती वरून सांडत होती आणि ती आणखी ढिली करायची गोळी आम्ही हिला दिली, असं त्यांनी सांगितलं. मग हिला विचारलं, पायात काही, मुंग्या, बधिरपणा? मला चप्पल आठवली.

घरी आल्यावर ही दोन पेले पाणी प्यायली, बाईंनी सांगितलं होतं म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून निजली.

१ एप्रिल

ही वही घेऊन एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ५ आणि ६ फेब्रुवारी बोट ठेवून वाचलं. चप्पल. फोड. मग १६ मार्चची पायरी. माझे विनोदही वाचले त्यांनी. "हे तुम्ही त्या वेळी का दाखवलं नाहीत?" मी म्हटलं, "शेरा आहे तो, साहेब." साहेब कसं तोंडात आलं कोण जाणे.

उद्याच पाठीच्या कण्याचा स्कॅन.

४ एप्रिल

कण्यात गाठ आहे. खालच्या बाजूला, जिथून पायांच्या आणि पिशवीच्या नसा निघतात तिथे, बहुधा दोन-तीन वर्षांपासून वाढतेय. कॅन्सर वाटत नाही म्हणाले. ऑपरेशन परवा.

संध्याकाळी ही म्हणाली, "तुम्ही एकदा तरी नीट विचारायचं होतंत."

"तू सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं. पण विचारायचं होतंत."

१२ एप्रिल

गाठ निघाली. साधी निघाली. डाव्या पायाला जोर नाही, कमरेखाली बराच भाग बधिर आहे. पिशवी आपणहून रिकामी होईल असं सर्जनना वाटत नाही. मी विचारलं, फेब्रुवारीतच सापडली असती तर? ते म्हणाले, "कदाचित." मी विचारलं, किती टक्के? "असा आकडा देता येत नाही मला."

चिडलो होतो त्यांच्यावर. घरी येऊन चूळ भरताना लक्षात आलं, की माहीत नसलेला आकडा न देणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

१५ मे

काल दुपारी लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

ही दवाखान्यातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये दोन दांड्यांच्या मधे उभी होती. सहा पावलं टाकायची होती. चौथ्या पावलाला फोन वाजला. मी फोन तिच्या कानाला धरला, कारण तिचे दोन्ही हात दांड्यांवर होते. पलीकडून बाळाचं रडणं आणि "आई, तू हवी होतीस." ही म्हणाली, "अगं आहे की. इथेच आहे." मग उरलेली दोन पावलं टाकली आणि बसली आणि इतकी रडली, की हॉलमधले सगळे व्यायाम थांबले.

उशाशी असणार होती. मी तिची जागा खाल्ली. हे मी तिला अजून म्हटलेलं नाही, इथेच लिहितोय.

६ जून

घरी येऊन तीन दिवस झाले. आता दिवसातून चारदा नळी घालून रिकामं करायचं, जन्मभर. टेस्टवाल्या बाईंनीच हिला शिकवलं, आरसा कसा धरायचा, हात कसे धुवायचे. हिचं ही करते. मी बाहेर वही घेऊन उभा असतो. नवा तक्ता आहे, तसेच रकाने.

पहिले दोन दिवस तिने आकडा सांगितला नाही. मी विचारलं, थांबलो, आणि रकाना रिकामा ठेवला. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "चारशे दहा." लिहिलं. संध्याकाळी परत काही नाही. परत रिकामा.

२७ जून

लेक आली. बाळ सहा आठवड्यांचं आहे, सात तासांच्या प्रवासात एकदाही रडलं नाही म्हणे. ज्या प्रवासाला ही निघणार होती तो बाळानेच केला.

हिला खुर्चीत नीट बसवलं, मागे उशी दिली आणि लेकीने बाळ मांडीवर ठेवलं. ही त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, की मला वाटलं आता सगळं फिटलं. काहीही फिटलेलं नाही, पण तसं वाटलं खरं. लेक आत चहा टाकायला गेली.

तेवढ्यात बाळाने शू केली. मला दिसलं. दुपट्याखालून हिच्या कपड्यांवर डाग पसरत गेला, गुडघ्यापर्यंत आला. ही त्याच्याशी बोलतच होती. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, असं चाललं होतं.

मला पहिल्यांदा काय सुचलं तेही लिहितो. वाटलं, गुपचूप बाळ उचलावं, भूक लागली असेल असं काहीतरी म्हणावं, हिला आत नेऊन कपडे बदलावेत. तिला कळायलाच नको.

मग तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "अगं, बाळाने तुझी मांडी ओली केलीय. जाणवलं का तुला?"

तिने खाली बघितलं. मग माझ्याकडे. लेक कपबशा घेऊन दारात येऊन थांबली होती.

"नाही," ही म्हणाली.

तेवढंच लिहितो.